पाळीव हॅमस्टरला माणसाळवणे

पाळीव हॅमस्टरला माणसाळवणे म्हणजे हाताळताना घाबरणाऱ्या किंवा चावणाऱ्या हॅमस्टरला माणसाचा वास, आवाज आणि हात यांची क्रमाक्रमाने सवय लावणे. हॅमस्टर हा उंदराच्या वर्गातील लहान, निशाचर आणि एकलकोंडा प्राणी आहे. कुत्रा, मांजर, शेळी यांना माणसाच्या सहवासाची हजारो वर्षांची परंपरा आहे. हॅमस्टर मात्र शंभर वर्षांहूनही कमी काळ माणसाजवळ राहत आहे. त्यामुळे त्याचे चावणे हा बहुधा दुष्टपणा किंवा खोडी नसून स्वसंरक्षणाची उपजत प्रतिक्रिया असते. चावण्याचे कारण ओळखून ते दूर केल्यास आणि घाई टाळल्यास बहुतेक हॅमस्टर काही आठवड्यांत हाताळणी स्वीकारतात. मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात हा प्राणी पाळताना हवामान आणि पशुवैद्यकीय सोयी यांचाही विचार करावा लागतो.

प्राण्याची ओळख

हॅमस्टर कृंतक (कुरतडणाऱ्या) गणातील क्रायसेटिडी कुलात मोडतो. पाळीव प्राणी म्हणून सर्वाधिक आढळणारी जाती म्हणजे सिरियन किंवा सोनेरी हॅमस्टर. तिचे शास्त्रीय नाव मेसोक्रायसेटस ऑरेटस असे आहे. पूर्ण वाढलेल्या सिरियन हॅमस्टरचे वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम असते. कॅम्पबेलचा हॅमस्टर, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की या बुटक्या जाती आकाराने बऱ्याच लहान असतात. हॅमस्टरचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे असते.

‘हॅमस्टर’ हा शब्द जर्मन भाषेतून आला आहे. त्या भाषेत या प्राण्याच्या नावावरून साठेबाजी करणे या अर्थाचे क्रियापदही रूढ झाले आहे. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यांपर्यंत पोचणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत दाणे भरून तो ते बिळातील कोठारात नेऊन ठेवतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात व ते अतिशय तीक्ष्ण असतात. त्याची नजर अधू, पण घ्राणेंद्रिय व श्रवणशक्ती तीव्र असते. हाताळणीतील बऱ्याच अडचणींचे मूळ या शरीररचनेत आहे. हॅमस्टर माणसाला प्रामुख्याने वासाने ओळखतो, चेहऱ्याने नव्हे.

महाराष्ट्रात हॅमस्टर नैसर्गिकरीत्या आढळत नाही. भारतात त्याच्या काही लहान वन्य जाती हिमालयापलीकडील थंड, कोरड्या भागात, लडाख-काश्मीरकडे आढळतात. मराठवाड्याच्या शेतात दिसणारे उंदीर, घुशी व जर्बिल हे कृंतक असले तरी ते हॅमस्टर नव्हेत.

इतिहास

इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज रॉबर्ट वॉटरहाउस यांनी १८३९ मध्ये सिरियातील अलेप्पो येथून आलेल्या नमुन्यावरून सोनेरी हॅमस्टरचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ शतकभर हा प्राणी फारसा कोणाच्या पाहण्यात आला नाही.

जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठातील परोपजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर हे काळा आजाराला कारणीभूत असणाऱ्या लीशमॅनिया गटातील परोपजीवींवर संशोधन करीत होते. या कामासाठी चिनी हॅमस्टर उपयोगी पडत असे, परंतु बंदिवासात त्याची पैदास होत नसे. म्हणून स्थानिक जातीचा शोध सुरू झाला. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इझ्राएल अहारोनी यांना अलेप्पोजवळच्या शेतात खोल बीळ खणल्यावर एक मादी आणि तिची ११ पिले सापडली. पकडल्यानंतर मादीने आपल्याच एका पिलाला मारले, म्हणून तिला पिलांपासून दूर करावे लागले. उरलेली पिले अहारोनी दांपत्याने हाताने वाढविली. काही पिले निसटली, काही दगावली. जी थोडी राहिली त्यांच्यापासून हिब्रू विद्यापीठात वर्षभरात सुमारे दीडशे प्राण्यांची पैदास झाली.

१९३१ मध्ये ॲडलर यांनी काही हॅमस्टर आपल्या कोटाच्या खिशांतून इंग्लंडला नेले. तेथून ते इतर प्रयोगशाळांत व पुढे घराघरांत पोचले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांनी हॅमस्टरच्या पैदाशीचा व्यवसाय सुरू केला आणि पाळीव प्राणी म्हणून त्याचा प्रसार झपाट्याने झाला. आजचे बहुतांश पाळीव सोनेरी हॅमस्टर त्या एकाच बिळातील पिलांचे वंशज आहेत. मूळ प्रदेशात मात्र ही जाती आता संकटग्रस्त मानली जाते.

हा इतिहास माणसाळवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्या पहिल्या मादीने पिलावर केलेला हल्ला हा क्रूरपणा नव्हता; भयभीत व बिळाबाहेर काढलेल्या हॅमस्टरमध्ये असे वर्तन आजही दिसते. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढूनही एकटे राहणे, बिळाचे रक्षण करणे आणि अचानक स्पर्श झाल्यास दात मारणे या मूळ प्रवृत्ती कायम आहेत.

चावण्याची कारणे

हॅमस्टर चावण्याची कारणे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

भीती: हे सर्वांत मोठे कारण आहे. वरून खाली येणारा हात हॅमस्टरला घार किंवा घुबड यांच्या झेपेसारखा भासतो. नवीन घरी आणलेल्या प्राण्याला जागा, वास आणि आवाज सर्वच अपरिचित असतात.

झोपमोड: हॅमस्टर दिवसा झोपतो व संध्याकाळनंतर जागा होतो. शाळेतून आलेली मुले दुपारी उत्साहाने पिंजऱ्यात हात घालतात, तेव्हा झोपेतून दचकलेला प्राणी प्रथम चावतो आणि नंतर पाहतो.

हाताचा वास: शेंगदाणे, भाकरी, पेढा असे खाद्यपदार्थ हाताळल्यानंतर हात न धुतल्यास हॅमस्टर बोटालाच अन्न समजतो. कुत्रा, मांजर किंवा दुसऱ्या हॅमस्टरचा वास आल्यास त्याला शत्रूचा संशय येतो. उग्र वासाचा साबण किंवा अत्तर यांनीही तो अस्वस्थ होतो.

जागेचे रक्षण: घरटे व अन्नसाठा असलेला कोपरा हॅमस्टर आपला मानतो. पिंजऱ्यात चावणारा प्राणी बाहेर काढल्यावर शांत राहत असेल, तर हे कारण संभवते.

वेदना व आजार: वाढलेले दात, गालपिशवीत अडकलेले अन्न, जखम, गाठ किंवा जुलाब यांमुळे पूर्वी शांत असलेला हॅमस्टर अचानक चावू लागतो. अशा वेळी माणसाळवण्याचा प्रयत्न न करता प्रथम तपासणी करणे आवश्यक असते.

गर्भारपण व पिले: सिरियन मादीचा गर्भकाळ केवळ सुमारे १६ दिवसांचा असतो. दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. पिलांजवळ हात नेल्यास ती चावते, आणि घरट्याला त्रास दिल्यास पिलांनाही मारू शकते.

अपुरी जागा: लहान पिंजऱ्यात सतत गज चावणे, येरझाऱ्या घालणे असे वर्तन दिसते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या अभ्यासांत लहान पिंजरा व उथळ अंथरूण असलेले सोनेरी हॅमस्टर अधिक वेळ तारा कुरतडत असल्याचे आढळले.

शिकलेली सवय: चावताच हात दूर होतो हे प्राण्याच्या ध्यानात आले, की नको असलेली गोष्ट थांबविण्याचा उपाय म्हणून तो चावण्याचाच वापर करतो.

चावण्यापूर्वीची लक्षणे

हॅमस्टर क्वचितच पूर्वसूचनेशिवाय चावतो. कान मागे चिकटवणे, अंग आक्रसून जागच्या जागी थिजणे, दात कटकट वाजवणे, फूत्कार किंवा किंचाळणे, पुढचे पंजे उंचावून उभे राहणे आणि पाठीवर पडून दात दाखवणे ही भीतीची लक्षणे आहेत. अशा वेळी हात पुढे नेऊ नये. याउलट कान उभे असणे, नाक हलवत हात हुंगणे, अंग चाटून स्वच्छ करणे, हाताजवळ बसून खाणे ही निश्चिंतपणाची चिन्हे होत.

कुरतडणे व चावणे यांतही फरक करावा लागतो. हॅमस्टर अनोळखी वस्तू दातांनी हलकेच चाचपून पाहतो. त्याने रक्त येत नाही. अशा वेळी हात शांतपणे थोडा सरकवणे पुरेसे असते. घट्ट धरून ठेवलेला, रक्त काढणारा चावा हा भीतीचा किंवा वेदनेचा असतो.

माणसाळवण्याची पद्धत

माणसाळवण्यामागे दोन तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व सवयीचे. निरुपद्रवी गोष्ट पुन्हा पुन्हा, सौम्य प्रमाणात अनुभवास आली की तिची भीती कमी होते. दुसरे तत्त्व साहचर्याचे. हाताबरोबर दर वेळी आवडता खाऊ आला, की हात ही सुखद गोष्टीची खूण ठरते. दोन्ही तत्त्वांत प्राण्याला माघार घेण्याची मुभा असणे आवश्यक आहे. पुढील टप्प्यांचा कालावधी प्राण्यानुसार बदलतो. एका टप्प्यावर हॅमस्टर निश्चिंत झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

पहिला टप्पा, विश्रांती: नवीन हॅमस्टरला पहिले तीन-चार दिवस हात लावू नये. अन्न-पाणी देणे व घाण झालेला कोपरा साफ करणे एवढेच करावे. पिंजरा दूरचित्रवाणी संच, मिक्सर व वर्दळीची वाट यांपासून दूर ठेवावा.

दुसरा टप्पा, आवाज व वास: संध्याकाळी हॅमस्टर स्वतःहून जागा झाल्यावर पिंजऱ्याजवळ बसून हलक्या आवाजात बोलावे किंवा वाचावे. हातात काही वेळ धरलेला साध्या, रंगहीन टिश्यू कागदाचा तुकडा पिंजऱ्यात ठेवल्यास तो घरट्यासाठी वापरतो व त्या व्यक्तीचा वास त्याच्या परिचयाचा होतो.

तिसरा टप्पा, स्थिर हात: बिनवासाच्या साबणाने धुतलेला हात पिंजऱ्याच्या तळाशी, तळवा वर करून स्थिर ठेवावा. हात वरून न आणता बाजूने व दिसेल असा आणावा. हॅमस्टर हुंगून निघून गेला तरी हरकत नाही. रोज पाच ते दहा मिनिटे एवढा वेळ पुरेसा असतो. खाऊ गजांमधून देऊ नये, कारण त्यामुळे गजांतून आत येणारी प्रत्येक वस्तू चावण्याची सवय लागते.

चौथा टप्पा, हातावरचा खाऊ: करडईची किंवा सूर्यफुलाची एक-दोन बियाणी, ज्वारीचा दाणा किंवा काकडीचा लहान तुकडा प्रथम बोटांच्या टोकाशी, नंतर तळव्यावर व शेवटी मनगटाजवळ ठेवावा. खाऊसाठी हॅमस्टर तळव्यावर पूर्णपणे चढू लागला म्हणजे हा टप्पा साधला.

पाचवा टप्पा, उचलणे: हॅमस्टर स्वतः तळव्यावर बसलेला असताना दुसऱ्या हाताची ओंजळीसारखी आड धरून त्याला किंचित वर उचलावे व लगेच खाली ठेवावे. उंची व वेळ हळूहळू वाढवावी. हाताळणी नेहमी जमिनीवर बसून करावी. हॅमस्टरला उंचीचा अंदाज येत नाही. उभ्या माणसाच्या हातातून पडल्यास त्याचे हाड मोडू शकते किंवा तो दगावू शकतो.

सहावा टप्पा, मोकळी जागा: बंद खोलीत, फटी व विजेच्या तारा झाकून, हॅमस्टरला पालथी मांडी घातलेल्या माणसाभोवती फिरू द्यावे. तो माणसाच्या अंगावर आपणहून चढू लागला, तर विश्वास दृढ होत असल्याचे समजावे.

पिंजरा साफ करण्यासाठी चावऱ्या हॅमस्टरला हलविणे अटळ असल्यास हातात पकडू नये. पेला किंवा पुठ्ठ्याची नळी आडवी धरल्यास तो बहुधा आपणहून आत शिरतो. जाड हातमोज्यांनी माणसाचे रक्षण होते, पण स्पर्शाचा अंदाज जातो व प्राणी दाबला जाण्याचा धोका असतो. शिवाय त्याला हाताच्या वासाची ओळखही होत नाही. म्हणून मोजे केवळ तातडीच्या प्रसंगी वापरावेत.

चावा घेतल्यास त्या क्षणी करावयाचे वर्तन

चावा बसताच हात झटकणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. परंतु झटक्याने हॅमस्टर दूर फेकला जाऊन जबर जखमी होतो. हाताळणीतील गंभीर अपघात बहुधा असेच घडतात. म्हणून मुलांना हॅमस्टर हाती देण्यापूर्वीच जमिनीवर बसण्याची सवय लावावी. चावल्यास हात शक्य तितका स्थिर ठेवून तो जमिनीला किंवा पिंजऱ्याच्या तळाला टेकवावा. पायाखाली आधार मिळताच हॅमस्टर बहुधा पकड सोडतो.

ओरडणे, टिचकी मारणे, तोंडावर फुंकर घालणे, पाणी शिंपडणे किंवा उपाशी ठेवणे हे उपाय घातक ठरतात. हॅमस्टरला शिक्षेचा संबंध स्वतःच्या कृतीशी जोडता येत नाही. तो संबंध हाताशी जोडतो आणि पुढच्या वेळी अधिक लवकर चावतो. दर चाव्यानंतर घाईघाईने पिंजऱ्यात टाकून निघून जाणेही योग्य नाही, कारण त्यातून चावणे सफल झाल्याचा धडा मिळतो. क्षणभर थांबावे, प्राणी शांत झाल्यावर त्याला ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी एक टप्पा मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी.

मानेच्या सैल कातडीला धरून उचलण्याची पद्धत प्रयोगशाळांत व पशुवैद्यकांकडे वापरली जाते. गालपिशव्यांमुळे हॅमस्टरची कातडी फार सैल असते, आणि चुकीच्या पकडीने डोळे बाहेर येण्याचा धोका असतो. घरी ही पद्धत वापरू नये.

निवासाचा संबंध

राहण्याची जागा अपुरी असताना केलेला माणसाळवण्याचा प्रयत्न सहसा टिकत नाही. जर्मनीतील प्राणिसंरक्षणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने हॅमस्टरसाठी किमान १०० सें.मी. लांब, ५० सें.मी. रुंद व ५० सें.मी. उंच जागेची शिफारस केली आहे. दुकानांत मिळणारे रंगीत लहान पिंजरे या मापाच्या जवळपासही नसतात. पुरेशी जागा कमी खर्चात करावयाची असल्यास मोठी लाकडी पेटी किंवा जुनी काचपेटी घेऊन वर तारेची जाळी बसविता येते.

तळाशी किमान २० सें.मी. जाडीचे, बीळ करता येईल असे अंथरूण असावे. छपाई नसलेल्या कागदाचे कपटे त्यासाठी चालतात. देवदार किंवा चीड यांच्या वासाच्या भुशाने श्वसनमार्गाला त्रास होतो. कापसाची मऊ गादी म्हणून विकली जाणारी वस्तू पायांत अडकते व पोटात गेल्यास आतडे बंद करू शकते. सिरियन हॅमस्टरच्या चाकाचा व्यास २५ ते ३० सें.मी. असावा, त्याहून लहान चाकात पाठ वाकते.

सिरियन हॅमस्टर वयात आल्यावर एकटाच ठेवावा लागतो. ‘जोडीला सोबत’ म्हणून आणलेला दुसरा हॅमस्टर बहुधा मारामारीचे कारण होतो. एकाचा मृत्यूही ओढवू शकतो.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती

धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्हा बालाघाट डोंगररांगांच्या परिसरात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे त्याचे आठ तालुके आहेत. पशुपालनाच्या क्षेत्रात हा जिल्हा उस्मानाबादी शेळीसाठी प्रसिद्ध आहे. हॅमस्टर मात्र येथील परंपरेत नसलेला, शहरांतील दुकानांमार्फत येणारा प्राणी आहे. त्यामुळे शेळी, गाय, कुत्रा यांच्याबाबत घराघरांत असलेले अनुभवजन्य ज्ञान त्याच्या बाबतीत उपलब्ध नसते.

उष्णता: हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला हॅमस्टर काही तासांत उष्माघाताने दगावू शकतो. निपचित पडणे, धापा टाकणे, लाळ गळणे व लडखडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. या दिवसांत तो हाताळणी टाळतो व चिडचिडा होतो, म्हणून नवीन हॅमस्टर उन्हाळ्यात आणू नये. जुन्या माळवदाच्या घरांतील जाड भिंतींची खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ थंड राहते. पिंजऱ्यात मातीचे लहान भांडे किंवा फरशीचा तुकडा ठेवल्यास हॅमस्टर त्याला अंग टेकून बसतो. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकविता येते. पंखा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नये. वीज गेल्यावरही चालेल अशा या साध्या उपायांची तयारी असणे आवश्यक आहे. पाण्याची गरज अल्प असते; १०० ग्रॅम वजनाच्या हॅमस्टरला दिवसाला साधारण १० मि.लि. पाणी लागते, पण ते रोज ताजे हवे.

आवाज: हॅमस्टरची श्रवणशक्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनींपर्यंत पोचते. वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या निर्मितीसाठी ओळखले जाते, आणि दिवाळीत जिल्हाभर फटाके वाजतात. अशा दिवसांत, तसेच मिरवणुका व लग्नसराईत, पिंजरा आतल्या खोलीत ठेवावा व हाताळणी थांबवावी. आवाजाने घाबरलेला माणसाळू हॅमस्टरही काही दिवस चावू शकतो.

आहार: ज्वारी, बाजरी, थोडे हरभरे व करडई हे येथे सहज मिळणारे धान्य मिश्र आहारात वापरता येते, त्याच्या जोडीला हिरवा भाजीपाला व अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कण द्यावा. तेलबिया आवडीच्या असल्या तरी त्यांनी वजन वाढते, म्हणून त्या माणसाळवण्याचा खाऊ म्हणूनच राखून ठेवाव्यात. कुंथलगिरीचा पेढा, गूळ, बिस्कीट असे गोड वा चिकट पदार्थ देऊ नयेत. ते गालपिशवीत चिकटतात, आणि बुटक्या जातींत मधुमेहाचा धोका वाढवितात. कांदा, लसूण व लिंबूवर्गीय फळेही वर्ज्य आहेत.

इतर प्राणी: मांजर, धामण, घरातील उंदीर व मुंग्या यांच्यापासून पिंजऱ्याचे रक्षण करावे लागते. रानउंदरांच्या मुताने दूषित धान्य किंवा अंथरूण यांतून रोग पसरू शकतात, म्हणून हॅमस्टरचे अन्न झाकणाच्या डब्यात ठेवावे.

दंशावरील प्रथमोपचार

हॅमस्टरचा चावा लहान पण खोल असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, जंतुनाशक लावावे व स्वच्छ फडक्याने झाकावी. हळद, चुना, तंबाखू किंवा मिरची लावू नये. धनुर्वाताच्या लसीची मुदत संपली असल्यास ती घ्यावी. सूज, ठणका, पू किंवा ताप आल्यास डॉक्टरांकडे जावे. चाव्यानंतर अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. असा प्रकार दुर्मीळ असला तरी त्यात तत्काळ रुग्णालय गाठावे.

रेबीजची भीती चाव्यानंतर सर्वप्रथम मनात येते. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार घरातील उंदीर, खार, ससा अशा प्राण्यांच्या चाव्यानंतर रेबीजच्या लसीची गरज क्वचितच पडते. मात्र हॅमस्टरवर कुत्रा, मांजर किंवा मुंगूस यांनी हल्ला केलेला असेल, तर ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी व निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

हॅमस्टरपासून काही रोग माणसाला होऊ शकतात. २००५ मध्ये अमेरिकेत एका अवयवदात्याच्या घरातील हॅमस्टरपासून आलेल्या एलसीएम विषाणूमुळे अवयव मिळालेल्या चारपैकी तीन रुग्णांचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये हाँगकाँगमध्ये दुकानातील हॅमस्टरांत करोना विषाणू आढळल्यावर सुमारे २,००० लहान प्राणी मारण्यात आले. निरोगी व्यक्तीसाठी धोका अल्प आहे. तरीही हाताळणीनंतर हात धुणे, हॅमस्टरचे चुंबन न घेणे आणि गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले व प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी पिंजऱ्याची सफाई टाळणे हे नियम पाळावेत.

पशुवैद्यकीय मदत

अचानक चावू लागलेल्या हॅमस्टरची तपासणी आवश्यक असते. तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई, म्हशी, शेळ्या व कुक्कुट यांच्या उपचारांसाठी असतात. धाराशिवपासून तुलनेने जवळची पशुवैद्यकीय महाविद्यालये लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि परभणी येथे असून ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हॅमस्टर आणण्यापूर्वीच त्यावर उपचार करणारे पशुवैद्यक कोठे आहेत याची चौकशी करून ठेवणे हिताचे असते.

जनावरांसाठी किंवा माणसांसाठी घरात असलेली प्रतिजैविके हॅमस्टरला देणे प्राणघातक ठरते. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, एरिथ्रोमायसिन व लिंकोमायसिन यांसारख्या औषधांनी त्याच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणू नष्ट होऊन विषारी जीवाणूंची वाढ होते आणि काही दिवसांत मृत्यू येतो. शेळीच्या जखमेवर गुणकारी ठरलेले इंजेक्शन म्हणूनच हॅमस्टरसाठी विष ठरू शकते.

कायदेशीर बाबी व सोडून देण्याचा प्रश्न

हॅमस्टर हा भारतातील संरक्षित वन्यप्राणी नसल्याने तो पाळण्यास बंदी नाही. याउलट, देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खालील २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दूध न तुटलेली पिले विकण्यास या नियमांत मनाई आहे.

चावणारा हॅमस्टर शेतात किंवा माळरानावर सोडून देणे ही वरकरणी दयेची वाटणारी कृती प्रत्यक्षात त्याला मृत्यूच्या हवाली करणारी असते. पिंजऱ्यात वाढलेल्या या प्राण्याला येथील उष्णता सोसत नाही, पाणी शोधता येत नाही, आणि मांजर, साप वा घुबड यांपासून बचाव करता येत नाही. पाळलेल्या प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे १९६० च्या अधिनियमान्वये गुन्हाही आहे. सांभाळणे अशक्य झाल्यास अनुभवी पालकाकडे किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे, चावण्याची सवय स्पष्टपणे सांगून, त्याला सोपविणे हा योग्य मार्ग होय.

मर्यादा

काही हॅमस्टर सर्व प्रयत्नांनंतरही हातावर येत नाहीत. लहानपणी माणसाचा स्पर्श न झालेले, वारंवार घर बदललेले किंवा हाताळणीत दुखावलेले प्राणी यांत विशेषत्वाने मोडतात. रोबोरोव्स्की जातीचे हॅमस्टर फारसे चावत नाहीत, परंतु अतिशय चपळ असल्याने त्यांना हाताळणे कठीण असते. असा प्राणी काचपेटीतून पाहण्याचा प्राणी म्हणून सुखाने जगू शकतो. हाताळणी ही पालकाची हौस असते; हॅमस्टरच्या आरोग्यासाठी आठवड्यातून एकदा पेल्यात घेऊन वजन, दात व त्वचा तपासता येणे एवढे माणसाळणे पुरेसे ठरते.

लहान मुलांच्या दृष्टीने हॅमस्टर हा सोपा प्राणी नाही. मुले जागी असतात तेव्हा तो झोपलेला असतो, आणि त्याला घट्ट धरण्याचा मोह मुलांना आवरत नाही. त्यामुळे हॅमस्टरची जबाबदारी घरातील प्रौढ व्यक्तीने घ्यावी आणि मुलांनी तिच्या उपस्थितीतच त्याला हाताळावे, असे सर्वसाधारणपणे सुचविले जाते.

हेही पाहा

कृंतक प्राणी
गिनीपिग
जर्बिल
उस्मानाबादी शेळी
रेबीज
प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०
धाराशिव जिल्हा